पिशवी उघडण्याआधी

मागच्या अंकात नवा फिश टँक सायकल होऊ देण्याविषयी, म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढू देण्याविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पुढच्या पायरीची आहेत: पाणी तयार झालं, मासा किंवा कोरल (प्रवाळ) घरी आलं, आता ते आत सोडायचं कसं? काही पत्रांत नुसता प्रश्न आहे, काहींत मेलेल्या माशाचं दुःख आहे. ही दुसरी पत्रं मी दोन-दोनदा वाचते, कारण त्यातली बरीचशी मरणं टाळता आली असती. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला.

प्रश्न : ताई, मी क्लाउनफिशची जोडी मागवली. खोका पोचायला दीड दिवस लागला. मासे हळूहळू सरावू द्यावेत असं वाचलं होतं, म्हणून पिशवी उघडली, आत एअर स्टोन सोडला आणि तीन तास टँकचं पाणी थेंब-थेंब दिलं. सुरुवातीला मासे जरा तरतरीत वाटले, मग धापा टाकायला लागले. एक रात्रीत गेला, दुसरा सकाळी. इतकं सांभाळून केलं तरी काय चुकलं?

उत्तर : तुम्ही मनापासून केलंत, पण दीड दिवस पिशवीत बसलेल्या माशाला ही पद्धत मानवत नाही. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हात आपोआप बरोबर चालेल.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. टँकमध्ये फिल्टरमधले जिवाणू तो खाऊन टाकतात. पिशवीत फिल्टर नाही, त्यामुळे तो साठत जातो. मासा श्वासही घेतोच, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही साठतो, आणि त्याने पाण्याचा पीएच खाली येतो. हे खाली येणंच प्रवासात माशाला वाचवतं. पीएच कमी असला की अमोनिया बहुतांशी अमोनियम या रूपात राहतो आणि ते रूप बरंच सौम्य असतं. ढोबळ हिशेब असा: २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. पीएच एका अंकाने वर, विष दहापट.

आता तुम्ही काय केलंत ते या हिशेबात बसवून बघा. पिशवी उघडली, कार्बन डायऑक्साइड उडाला. एअर स्टोनने तो आणखी भराभर उडवला. वरून ८.२ पीएचचं टँकचं पाणी थेंब-थेंब पडत राहिलं. साठलेला अमोनिया बराचसा तिथेच, पीएच मात्र चढता. मासे तीन तास त्याच पाण्यात. धापा त्याच्याच होत्या.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या पहिल्या रॉयल ग्रामाला मी असंच घालवलं. अर्धं अंग जांभळं, अर्धं पिवळं, बोटाएवढा मासा. मी स्टुलावर बसून त्याला थेंब मोजून पाणी देत होते, आणि त्याचे कल्ले इतके भराभर उघडमीट करत होते की मोजता येईनात. शेवटी तो बादलीच्या तळाशी एका कुशीवर टेकला. तो गेल्यावर बादलीतलं उरलेलं पाणी मी अमोनिया टेस्ट किटच्या काचनळीत घेतलं. पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. ती नळी हातात घेऊन मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. तेव्हापासून लांबून आलेल्या माशाला मी कधीच ड्रिप लावलेलं नाही.

लांबच्या प्रवासाच्या माशासाठी मी काय करते ते सांगते. मासा निघण्याआधीच विक्रेत्याला विचारून घेते की त्याच्या पाण्याची क्षारता किती आहे. पुष्कळ विक्रेते मासे १.०१८ ते १.०२० घनतेच्या पाण्यात ठेवतात, आपले रीफ (कोरलचे) टँक १.०२५-१.०२६ ला असतात. माझ्या क्वारंटाइन टँकचं (नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या टाकीचं) पाणी मी आदल्या दिवशीच त्यांच्या आकड्याला आणून ठेवते. खोका आला की खोलीतले दिवे मंद करते, कारण दीड दिवस अंधारात राहिलेल्या माशाच्या डोळ्यांवर एकदम लख्ख उजेड आला की तो बिथरतो. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवते. तेवढ्यात तापमान जुळतं. मग पिशवी कापते, दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून क्षारतेची खात्री करते, याला अर्धं मिनिट लागतं. फरक निघालाच तर जवळ तयार ठेवलेलं आरओचं पाणी किंवा खारं पाणी घालून क्वारंटाइनचं पाणी लगेच जुळवते. आणि मासा उचलून आत. पिशवी कापल्यापासून मासा आत जाईपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त जाऊ देत नाही. पिशवीतलं पाणी सिंकमध्ये ओतते, टँकमध्ये त्याचा थेंबही जात नाही.

क्षारता मग सावकाश वाढवायची, रोज ०.००१ ते ०.००२ एवढीच. आठवडाभरात मासा तुमच्या टँकच्या पाण्याला येतो, आणि हे सगळं स्वच्छ पाण्यात होतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझा टँक गोड्या पाण्याचा आहे, साठ लिटरचा. दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे. मला निऑन टेट्रा आणायचे आहेत. मला पण तुमची ती पद्धत लागू होते का? ड्रिपसाठी काय-काय सामान लागतं?

उत्तर : नाही, तुझं वेगळं आहे. दहा मिनिटांत पिशवीत अमोनिया साठत नाही, त्यामुळे तुला सावकाश जायला पूर्ण मुभा आहे.

निऑन मूळचे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. तुझ्या नळाचं पाणी जड असेल आणि दुकानदाराचं मऊ, तर माशाला खरा त्रास त्या क्षारांच्या फरकाचा होतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, म्हणून पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं आणि तो ते मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. बाहेरचे क्षार एकदम बदलले की ही सगळी व्यवस्था त्याला नव्याने बसवावी लागते. पीएचचा आकडा लोक फार मनावर घेतात. माझ्या अनुभवात क्षारांचा फरक, म्हणजे टीडीएस मीटरवर दिसतो तो, त्याहून जास्त महत्त्वाचा. शक्य असेल तर दुकानाच्या पाण्याचा आणि तुझ्या पाण्याचा टीडीएस मोजून बघ. जवळपास सारखे असतील तर पिशवी वीस मिनिटं तरंगव आणि मासे सोड, फार सोहळा नको.

फरक मोठा असेल तर ड्रिप. मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घे. एअर पंपाची साधी पातळ नळी घे. एक टोक टँकमध्ये, दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत, बादली टँकपेक्षा खालीच हवी. नळीला मध्ये एक सैल गाठ मार. तोंडाने हलकेच ओढून पाणी चालू कर आणि गाठ आवळत ने, सेकंदाला दोन ते तीन थेंब पडतील इतकी. गाठीपाशी नळी जरा कुरकुरते आणि धार तुटून थेंब होतात, तो क्षण बोटांना बरोबर कळतो. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाक, पुन्हा दुप्पट होऊ दे. तास-दीड तासात होतं. मधून बादलीतलं तापमान बघत राहा, थोडंसं पाणी पटकन थंड पडतं. बादलीवर झाकण किंवा पातळ कापड टाक, घाबरलेला मासा उडी मारतो.

आणि साठ लिटरमध्ये पहिल्याच दिवशी वीस निऑन सोडू नकोस. सहा-आठ आण. दोन-तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकले की पुढचे आण. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही वाढायला वेळ लागतो.

प्रश्न : एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन मासे आणि एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणली. टँकची क्षारता हायड्रोमीटरने मोजली होती. तिघांना एकसारखंच सोडलं. मासे मजेत आहेत, श्रिंप मात्र दुसऱ्या दिवशी मेली. श्रिंप आधीच आजारी होती का?

उत्तर : ती धडधाकटही असू शकेल. माशाच्या अंगातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि तो तो स्वतः सांभाळतो: समुद्राचं पाणी पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारतेतला बदल, विशेषतः वरून खाली, तो बराच सोसतो. तारामासे आणि अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव) यांच्याकडे ही सोय नाही. त्यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारं असतं, बाहेर बदललं की आत बदलतं. श्रिंपची ताकदही माशाइतकी नाही. म्हणून १.०२० च्या पाण्यातून १.०२६ च्या पाण्यात मासा तगला असेल, तर त्याच उडीत श्रिंप मरू शकते. आकड्यांत हा फरक हजारी सत्तावीसवरून पस्तिसावर जाण्याचा आहे.

या मंडळींसाठी ड्रिप लांबवा. श्रिंपला मी दोन तास देते, तारामाशाला तीन ते चार. त्यांचा अमोनिया फार नसतो, वेळ घालवला तरी चालतो. तारामासा, अर्चिन आणि स्पंज यांना पाण्याबाहेर हवेत आणू नका. भांडं टँकच्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच त्यांना बाहेर सरकू द्या. स्पंजच्या छिद्रांत हवा अडकली की तो आतून सडायला लागतो.

पत्रात तुम्ही हायड्रोमीटरचा आकडा दिला आहे, त्यावर मला शंका आहे. काटा हलणारे ते प्लॅस्टिकचे हायड्रोमीटर काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी खोटं बोलतात. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नका. आपल्याला मोजायचंय ते पस्तिसाच्या आसपास, म्हणून ३५ च्या प्रमाण द्रावणानेच तो जुळवायचा. माझा एक रिफ्रॅक्टोमीटर शून्याला अचूक होता आणि पस्तिसाला दोनने चुकत होता, हे कळायला मला वर्ष गेलं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे नवीन दिवे आहेत, चांगले शक्तिशाली. एक सुंदर तपकिरी-हिरवा ॲक्रोपोरा (फांद्यांचं कोरल) आणला आणि उजेड जास्त मिळावा म्हणून सगळ्यात वरच्या दगडावर लावला. पाण्याचे सगळे आकडे बरोबर आहेत. चार दिवसांत टोकं फिकी पडली, आता सगळाच पांढरा दिसतो. तो मेला का?

उत्तर : आधी भिंग घ्या आणि जवळून बघा. पांढऱ्या फांदीवर काचेसारखी पातळ, ओलसर कातडी दिसते का, संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर बारीक पॉलिप (कोरलचे फुलासारखे जीव) बाहेर येतात का? दिसत असतील तर तो जिवंत आहे, फक्त ब्लीच झाला आहे. कातडी सुटून खडबडीत उघडा सांगाडा दिसत असेल आणि त्यावर हिरवट शेवाळ धरायला लागलं असेल, तर तेवढा भाग गेला.

कोरलचा रंग आणि बरंचसं अन्न त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे असतं. ती उजेडावर साखर तयार करतात आणि कोरलला देतात. कमी उजेडात राहिलेलं कोरल ही शैवालं भरपूर बाळगतं आणि म्हणूनच तपकिरी दिसतं. तुमचा ॲक्रोपोरा दुकानात मंद दिव्याखाली महिनाभर राहिला असेल, तर त्याने अंधाराची पूर्ण तयारी करून ठेवली होती. तुम्ही त्याला एका दिवसात भर उन्हात नेलं. तेवढ्या उजेडात शैवालांचं काम बेताबाहेर जातं, पेशींना जाळणारा ऑक्सिजन तयार होतो आणि कोरल स्वतःच त्या शैवालांना बाहेर टाकून देतं. ज्यांनी त्याला खाऊ घातलं त्यांनाच.

उजेडाला सरावायला कोरलला दिवस पुरत नाहीत, आठवडे लागतात. मासा पाण्याला जुळला की आपण सुटलो, असं कोरलच्या बाबतीत कधीच होत नाही. पत्रांवरून दिसतं की लोक कोरलला पाण्याशी जुळवण्यात दोन तास घालवतात आणि उजेडाचा विचारही करत नाहीत. माझ्या मते हे अगदी उलट हवं. कोरलला पाण्यासाठी तापमान आणि क्षारता जुळवणं पुरतं, अर्ध्या तासाचं काम. खरं सरावणं पुढचे तीन आठवडे चालतं.

नवीन कोरल आधी तळाशी, वाळूजवळ किंवा सावलीच्या कडेला ठेवा. आठवडाभर हलवू नका. मग चार-पाच दिवसांनी एक-एक पायरी वर. तुमच्या दिव्यांत तीव्रता कमी-जास्त करता येत असेल तर ती निम्म्यावर आणून तीन-चार आठवड्यांत पूर्ववत न्या, पण आधीपासून असलेल्या कोरलना ते मानवतंय ना तेही बघा. दिवे बदलता येत नसतील तर जुनी युक्ती आहे: टँकवर डासांची जाळी तीन-चार पदरी टाका आणि दर पाच दिवसांनी एक पदर काढा. कुणाकडे पार मीटर (शैवालांच्या कामी येणारा उजेड मोजणारं यंत्र) असेल तर एका दुपारपुरता मागून आणा. मऊ कोरलना ५० ते १५०, मोठ्या पॉलिपच्या कोरलना १०० ते २००, आणि ॲक्रोपोरासारख्यांना शेवटी २०० ते ४०० पर्यंत पार मानवतो. माझ्या टँकमध्ये डोळ्यांना सारख्याच उजळ वाटणाऱ्या दोन दगडांवर मीटरने १४० आणि ३१० दाखवलं होतं. डोळ्यांवर विसंबून मी त्यानंतर कोरल लावलं नाही.

तुमचा ॲक्रोपोरा आज संध्याकाळीच खाली आणा. प्रवाह मध्यम ठेवा, बारीक अन्न थोडं-थोडं द्या, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) जराही हलू देऊ नका. ब्लीच झालेलं कोरल उपाशी असतं, पण वेळ दिला तर शैवालं परत धरतं. माझा एक मॉन्टिपोरा पूर्ण पांढरा होऊन दोन महिन्यांनी कडेकडेने पुन्हा तपकिरी व्हायला लागला होता. त्या वेळी मी रोज सकाळी टॉर्च घेऊन त्याच्यासमोर वाकून उभी असायचे.

प्रश्न : नवीन कोरल डिप करणं, म्हणजे किडे काढायला औषधाच्या पाण्यात बुडवणं, खरंच आवश्यक आहे का? दुकानदार म्हणाला, आमच्याकडचं कोरल स्वच्छ असतं.

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नसेल, पण त्याने भिंग लावून बघितलेलं नसतं. एकदा अगदी निरोगी दिसणाऱ्या ॲक्रोपोराच्या बुंध्याशी, जिथे कातडी संपून सांगाडा सुरू होतो, मला बाजरीच्या दाण्यांपेक्षा बारीक तपकिरी ठिपक्यांचा पुंजका दिसला. ती चपट्या किड्याची अंडी होती, हे किडे ॲक्रोपोरा खातात. वर फांद्यांवर किडा एकही दिसत नव्हता, कारण तो रंगाने कोरलशी एकरूप होतो. डिपमध्ये टाकून मोठ्या ड्रॉपरने पाण्याचा फवारा मारल्यावर सात निघाले आणि भांड्याच्या तळाशी आक्रसून पडले.

तीन भांडी घ्या, तिन्हींत टँकचंच पाणी. पहिल्यात डिप, लेबलवर दिलेल्या प्रमाणात आणि दिलेल्या वेळेपुरतंच, आणि ड्रॉपरने कोरलवर चहूबाजूंनी फवारा. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात धुणं. तिन्ही भांड्यांतलं पाणी फेकून द्यायचं. डिपने अंडी मरत नाहीत, हे मात्र विसरू नका. म्हणून कोरल ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, येतं तो प्लग मी तोडूनच टाकते, बुंध्याचा मेलेला भाग छाटते, अंडी दिसली तर सुईने खरवडते, आणि कोरल वेगळ्या टँकमध्ये ठेवून दर आठवड्याला पुन्हा डिप करते, सलग सहा आठवडे. प्लगवर एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल किंवा नळीतून जाळं सोडणारी वर्मेटिड गोगलगायही येते, आणि ती एकदा टँकमध्ये शिरली की वर्षानुवर्षं जात नाही.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. झोअँथिड आणि पॅलिथोआ ही कोरलं हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआतून ते शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, आणि माहीत असलेल्या अत्यंत जहाल विषांत ते मोडतं. कापताना उडालेला चीक डोळ्यांत गेला किंवा हातावरच्या जखमेतून आत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. अशी कोरलं असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. त्या वाफेने घरातली सगळी माणसं एकाच वेळी आजारी पडू शकतात. लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीतून बाहेर.

प्रश्न : क्वारंटाइनसाठी दुसरा टँक लावायला जागा नाही. माझ्या माशावर एकही पांढरा ठिपका नाही. तरी तो ठेवावा लागेल का?

उत्तर : हो. ठिपका नसणं ही खात्री नव्हे. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा जीव, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, सुरुवातीला कल्ल्यांत लपलेला असू शकतो. तो माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो आणि वाळूत, दगडावर, प्लगवर कवच करून बसतो. कवचातून नवी पिल्लं काही दिवसांत बाहेर येतात, पण सगळी एकदम नाही. काही कवचं सत्तर दिवसांहून जास्त टिकल्याचं आढळलं आहे. म्हणूनच रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो. आणि तांब्याचं औषध कोरल, श्रिंप असलेल्या टँकमध्ये घालता येत नाही, ती मरतात.

त्याच्या मानाने महिनाभर एका कोपऱ्यात चाळीस लिटरचा रिकामा काचेचा डबा ठेवणं सोपं आहे. वाळू नको, दगड नको. हीटर, झाकण, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे, आणि स्पंज फिल्टर. तो स्पंज आधी महिनाभर मुख्य टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून जिवाणू धरू द्या, नाहीतर क्वारंटाइनमध्येच अमोनिया वाढतो. वाळूत शिरून झोपणाऱ्या रास जातीच्या माशाला मात्र एका छोट्या डब्यात वाळू द्या. चार आठवडे, शक्य तर सहा. मासा नीट खातो का, अंग घासतो का, कल्ले दोन्ही बाजूंनी सारखे हलतात का, एवढं रोज बघायचं. मखमलीसारखी बारीक सोनेरी धूळ अंगावर दिसली तर थांबू नका, तो ॲमिलूडिनियम हा परजीवी असतो आणि दोन-तीन दिवसांत मासा नेतो.

काम झालं की महिन्याने डबा कोरडा करून कपाटात ठेवता येतो. जागेची अडचण असलेल्या माझ्या मैत्रिणीने तो जेवणाच्या टेबलाखाली ठेवला होता, महिनाभर सगळे पाय सांभाळून बसायचे.

प्रश्न : नवीन टँग मासा सोडला तर जुना टँग त्याच्या मागेच लागला. पर फाटलेत. दिवे बंद करून बघितलं, पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

उत्तर : पाच मिनिटांचा अंधार पुरत नाही. आधी नव्या टँगला बाहेर काढा, तेही जाळ्याने नको. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे सुरीसारखा काटा असतो, तो जाळ्यात अडकतो आणि मासा स्वतःला फाडून घेतो. एंजलफिशच्या गालाजवळही असाच काटा असतो. पारदर्शक प्लॅस्टिकचं भांडं पाण्यात बुडवून मासा त्यात हाका आणि पाण्यासकट उचला.

मग छिद्रांचा पारदर्शक डबा टँकच्या आतल्या काचेला लावून नवा मासा त्यात ठेवा. जुना येऊन काचेवर धडका देईल, शेपटी दाखवेल, अंगाचा रंग गडद करेल. करू दे. नव्याला त्या डब्यातच खायला घाला. चार-पाच दिवसांत जुन्याचा जोर ओसरतो, कधी दहा दिवस लागतात. डब्याजवळ येऊन तो नुसता निघून जायला लागला की तुमचा दिवस आला. त्या दिवशी आधी जुन्याला पोटभर खाऊ घाला, तीन-चार दगडांची जागा बदला म्हणजे त्याची हद्द मोडते, दिवे बंद करा आणि संध्याकाळी डब्याचं दार उघडून ठेवा. नवा मासा स्वतःहून बाहेर येऊ दे, त्याला ढकलू नका. माझा एक टँग दार उघडल्यावर रात्रभर डब्यातच बसला होता, सकाळी पाहिलं तर मागच्या दगडाच्या फटीत झोपलेला. जुना शेजारच्या फटीत.